होमस्कूलिंग: लहान मुलांसाठी इतिहासाचा करिक्युलम कसा निवडायचा (पहिल्यांदाच करणाऱ्या आईबाबांसाठी)

होमस्कूलिंग सुरू केलं की गणिताचं आणि भाषेचं काय करायचं हे बहुतेक आईबाबा लवकर ठरवतात, विज्ञानाचंही जमतं, पण इतिहासापाशी येऊन सगळं अडतं. कारण गणितात बेरीज आधी, गुणाकार नंतर हे ठरलेलं असतं, इतिहासात तसं काही नाही, कुठूनही सुरू करता येतं आणि कुणाचाही सांगता येतो, मग इतके करिक्युलम बघून गोंधळायला होतं आणि शेवटी सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त पानांचा, वर्कबुक आणि टेस्टसकट येणारा सेट घेतला जातो. तो घेण्याआधी हे वाचा. इथे मी साधारण ५ ते १० वर्षांची मुलं धरली आहेत, त्यापुढच्या मुलांची गोष्ट वेगळी असते.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पुढचं कशासाठी लिहिलंय ते कळेल. या वयात किती "कव्हर" होतंय हे बघून करिक्युलम निवडू नका, कसं सांगितलंय ते बघून निवडा. ५००० वर्षांचा इतिहास कुणाचाच कव्हर होत नाही, मोठ्यांचाही नाही. सात वर्षांच्या मुलाला त्यातली साठ-सत्तर माणसं आणि ठिकाणं मनापासून आवडली, कोण आधी आणि कोण नंतर एवढं ढोबळ कळलं, आणि "हे आपल्याला कसं माहीत?" असं विचारायची सवय लागली, तर प्राथमिकचा इतिहास उत्तम झाला.

पायरी १: आधी नियम बघा

हे काम कंटाळवाणं आहे पण पहिलं करून टाका. घरी शिकवण्याचे नियम देशागणिक बदलतात आणि काही देशांत राज्यागणिकही. जर्मनीसारख्या देशात मुलांनी शाळेत जाणं सक्तीचंच आहे, काही ठिकाणी नुसतं कळवलं की झालं, काही ठिकाणी वर्षाच्या शेवटी मुलाच्या कामाची फाइल दाखवावी लागते, आणि कुठे कुठे अमुक वयापर्यंत आपल्या राज्याचा किंवा देशाचा इतिहास झालेला हवा अशी अट असते. तुमच्याकडे काय लागतं ते एका कागदावर लिहून ठेवा, बहुतेक वेळा ते अर्ध्या पानाच्या वर जात नाही आणि मनातली अर्धी भीती तिथेच जाते.

पुढेमागे मूल शाळेत घालायचा विचार असेल तर त्या शाळेचा सिलॅबस नजरेखालून घाला, पण त्यासाठी सगळं त्याच्याच मापाने कापू नका. दुसरी-तिसरीतला इतिहास वेगळा झाला म्हणून पुढे कुणाचं अडत नाही, वाचता येत असेल आणि गोडी असेल तर ते दोन महिन्यांत भरून निघतं.

पायरी २: मूल कुठे आहे ते बघा

पाच-सहा वर्षांच्या मुलाला "काल", "मागच्या वर्षी" आणि "खूप खूप पूर्वी" हे तिन्ही जवळजवळ सारखंच असतं. त्याला १४९८ किंवा १९३० म्हटलं तर तो नुसता आकडा आहे. पण त्याच मुलाला तीन चित्रं दाखवा, बैलगाडी, वाफेचं इंजिन आणि आजची मोटार, ते बरोबर क्रमाने लावेल आणि का ते पण सांगेल. म्हणजे काळाचा अंदाज त्याच्याकडे असतो, फक्त तो आकड्यांत नसतो तर कपडे, घरं, गाड्या, दिवे यांच्यात असतो. म्हणून सहाच्या आतल्या मुलासाठी करिक्युलम घेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन. गोष्टी सांगा, आजीआजोबांना त्यांच्या लहानपणीचं विचारायला लावा, जुने फोटो क्रमाने लावा, शक्य असेल तेव्हा म्युझियममध्ये न्या, तेवढं पुरतं.

सहा-सात नंतर स्वतःला विचारा, मूल ऐकून शिकतं, बघून शिकतं की हाताने करून? स्वतः वाचतं का? लिहायचा कंटाळा करतं का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण भरपूर करिक्युलम इतिहासाच्या नावाखाली खरं तर लिहिण्याचा सराव करून घेतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, आणि ज्या मुलाचा हात अजून दुखतो त्याला वाटायला लागतं की मला इतिहास आवडत नाही, जेव्हा त्याला न आवडणारी गोष्ट पेन्सिल असते.

पायरी ३: क्रम ठरवा

बाजारातले जवळपास सगळे करिक्युलम चारपैकी एका क्रमाने जातात, हा क्रम कळला की अर्धी यादी आपोआप गळते.

पहिला, सुरुवातीपासून आजपर्यंत. याचं सगळ्यात प्रसिद्ध रूप म्हणजे चार वर्षांचं चक्र: पहिल्या वर्षी प्राचीन काळ (भटके मानव, मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू संस्कृती, ग्रीस, रोम), दुसऱ्या वर्षी मध्ययुग, तिसऱ्या वर्षी साधारण १६०० ते १८५० आणि चौथ्या वर्षी त्यानंतरचा काळ. चार वर्षं झाली की पुन्हा पहिल्यापासून, जरा खोलात. क्लासिकल (जुन्या ग्रीक-रोमन शिक्षणाच्या धर्तीवरच्या) पद्धतीने शिकवणारे लोक हेच वापरतात. फायदा असा की आधी काय, नंतर काय हे न घोकता बसतं. तोटा असा की सहा वर्षांच्या मुलाला सगळ्यात परकं, सगळ्यात लांबचं आधी मिळतं आणि दोन महायुद्धं, फाळणी हे चौथ्या वर्षी येतं, तेव्हा मूल जेमतेम नऊ-दहाचं असतं. शिवाय मध्येच सुरू केलंत तर कुठून सुरू करायचं हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर सोपं आहे, कुठूनही, चक्रच आहे ते.

दुसरा, घरापासून बाहेर. मी, माझं कुटुंब, माझी वस्ती, माझं शहर, राज्य, देश, जग. शाळांमधल्या पुस्तकांत हे फार दिसतं. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, लहान मुलाला जवळचं आधी कळणार, लांबचं नंतर. पण कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ कीरन ईगन यांनी या समजुतीवर वर्षानुवर्षं टीका केली, त्यांचं म्हणणं लहान मुलं राक्षस, डायनोसॉर, दूरदेशीचे राजे यांच्यात सहज रमतात, मग जवळचंच आधी कळतं हे कशावरून? मला ते पटतं. पोस्टमन आणि पोलीस आपल्याला मदत करतात हे सहा वर्षांच्या मुलाला माहीतच असतं, त्यावर वर्ष घालवायची गरज नाही.

तिसरा, आधी आपला इतिहास मग जगाचा. यात आपलेपणा असतो, भाषा जवळची असते, गोष्टी घरात आधीच ऐकलेल्या असतात, आणि जिथे कायद्याने देशाचा इतिहास लागतो तिथे हा क्रम सोयीचाही. फक्त जग बाजूला ठेवू नका, त्याच काळात इतरत्र काय चाललं होतं हे एका वाक्यात तरी यायला हवं. १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा फ्रान्समध्ये चौदावा लुई राज्य करत होता, चीनमध्ये कांग्शी सम्राट होता आणि केंब्रिजला न्यूटन प्राध्यापक होता. हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात, कारण तोपर्यंत त्यांच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगळ्या बेटावर घडत असते.

चौथा, विषयवार म्हणजे युनिट स्टडी. सहा आठवडे जहाजं, मग सहा आठवडे लिपी आणि कागद, मग किल्ले. वेगवेगळ्या वयाची भावंडं असतील तर हे फार छान चालतं. क्रम मात्र आपल्यालाच टाइमलाइनवर धरून ठेवावा लागतो, नाहीतर सगळा काला होतो.

माझी पसंती विचाराल तर सात वर्षांपुढे सुरुवातीपासून आजपर्यंत जाणारा क्रम, पण चार वर्षांत संपवायचा हट्ट न धरता, हवी तिथे पाच-सहा वर्षं लागू देत, आणि वर्षात एक-दोनदा थांबून आपल्या मातीतला एखादा विषय मध्ये घालायचा.

पायरी ४: पुस्तक कुठल्या प्रकारचं

पाठ्यपुस्तक आणि वर्कबुक: पालकाला सोपं, मुलाला रुक्ष. गोष्टीरूप एकच मुख्य पुस्तक (होमस्कूलिंगवाले त्याला स्पाइन म्हणतात) आणि सोबत लायब्ररीतली जास्तीची पुस्तकं: माझ्या मते लहान मुलांसाठी सगळ्यात चांगलं. फक्त लिव्हिंग बुक्स, म्हणजे एका लेखकाने मनापासून एका विषयावर लिहिलेली चरित्रं आणि कथा, पाठ्यपुस्तक अजिबात नाही: हा शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लिश शिक्षिकेचा मार्ग, सुंदर आहे, पण पुस्तकं शोधून आणायचं काम सतत पालकावर. सगळं तयार येणारा डबाबंद सेट, रोज काय करायचं ते लिहिलेलं: नोकरी सांभाळून शिकवणाऱ्यांना आधार वाटतो, पण वेळापत्रक चुकलं की अपराधी वाटायला लागतं, त्यामुळे असा सेट घेतलात तर त्यातला तिसरा हिस्सा गाळायचा हे आधीच ठरवून घ्या. व्हिडिओवाले कोर्स: जोड म्हणून ठीक, या वयात मुख्य म्हणून नको, कारण व्हिडिओ थांबत नाही आणि मुलाला मध्येच प्रश्न पडतो तेव्हा समोर उत्तर द्यायला कुणी नसतं.

पायरी ५: सॅम्पल चॅप्टर मोठ्याने वाचा

बाकी काही केलं नाहीत तरी चालेल पण हे करा. जवळजवळ सगळे प्रकाशक एखादा नमुना धडा देतात, नाही तर लायब्ररीतून किंवा ओळखीच्यांकडून पुस्तक दोन दिवस मागून आणा. कुठलीही तयारी न करता मुलाला शेजारी बसवून एक धडा मोठ्याने वाचा. वाचताना तुमची जीभ अडखळते का? तुम्हालाच कंटाळा येतो का? वर्षभर हे तुम्हाला वाचायचंय, त्यामुळे तुमचा कंटाळा पण मोजायचा.

मग दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही, पुस्तक न उघडता म्हणा, "काल काय वाचलं आपण, सांग बघू." प्रश्न विचारायचे नाहीत, आठवण करून द्यायची नाही, फक्त ऐकायचं. असं आपल्या शब्दांत सांगण्याला शार्लट मेसनने नॅरेशन म्हटलं (ती ते वाचून झाल्या झाल्याच करून घ्यायची) आणि तिच्या सगळ्या पद्धतीचा तो पाया होता. मुलाने तोडकंमोडकं का होईना चार वाक्यांत सांगितलं, त्यात एखादा माणूस आला, त्याने काहीतरी केलं असं आलं, तर धडा पोचला. "काहीतरी नदी होती आणि लोक होते" एवढंच आलं तर दोष मुलाचा नाही, धड्याचा आहे. एका धड्यावर निकाल लावू नका, दोन-तीन वेगवेगळे वाचून बघा.

फरक कशामुळे पडतो ते उदाहरणाने सांगते. एका पद्धतीचं वाक्य असं असतं: "इजिप्तची संस्कृती नाईल नदीच्या काठी विकसित झाली व तेथे शेती, व्यापार आणि कला यांची भरभराट झाली." यात चूक काही नाही पण मुलाला धरायला काही नाही, ना माणूस, ना वस्तू, ना गोष्ट. आता हे बघा: साधारण सव्वातीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राजांची थडगी बांधणाऱ्या कारागिरांची हजेरी एका दगडाच्या तुकड्यावर लिहिलेली सापडली, कोण कुठल्या दिवशी आला नाही आणि का आला नाही, आणि त्यात एकाला विंचू चावला म्हणून सुट्टी लिहिलीय. हे ऐकलेलं मूल घरात सगळ्यांना सांगत फिरतं. आणि त्यातून त्याला हेही कळतं की तिथे लिहिणारे लोक होते, कामाचा हिशोब होता, थडगी बांधणं हे रोजचं काम होतं, म्हणजे वरच्या वाक्यात जे सांगायचं होतं तेच, पण आतून.

असंच दुसरं माझ्या खास आवडीचं. रशियातल्या नोव्हगोरोडला तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या मुलाची भूर्जाच्या सालीवरची अक्षरं आणि चित्रं सापडलीत, वय सहा-सात असावं असा अंदाज आहे. मुळाक्षरं गिरवता गिरवता त्याने मध्येच स्वतःला घोड्यावर बसवून शत्रूला भाला मारताना काढलंय. एवढ्या जुन्या काळातलं आपल्याच वयाचं मूल आणि अभ्यास सोडून चित्रं काढतंय! ज्या करिक्युलममध्ये अशी मुलं, कारागीर, शेतकरी, बायका येतात आणि फक्त राजे-लढाया नसतात, तो वर ठेवा.

पायरी ६: खरं आहे का ते तपासा

सगळं पुस्तक तपासणं शक्य नाही, पण काही ठरावीक जागा आहेत जिथे निष्काळजी लेखक हमखास पकडला जातो. नमुना हातात आला की थेट तिथे जा.

पिरॅमिड गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतले असं लिहिलंय का बघा. गिझाला उत्खननात कामगारांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या, पिरॅमिडच्या जवळच मानाने बांधलेली त्यांची थडगी सापडलीत, आणि २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) रोजनिशी सापडली ज्यात खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी बोटीने दगड कसे नेले त्याच्या नोंदी आहेत. कोलंबसने पृथ्वी गोल आहे हे सिद्ध केलं असं लिहिलंय का? एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर मोजला होता, ४९९ मध्ये आर्यभटाने गोल आणि स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी सांगितली होती, आणि कोलंबसच्या काळातल्या शिकलेल्या लोकांना ते माहीत होतं. व्हायकिंग लोकांच्या टोपांना शिंगं दाखवलीत का? ती १९ व्या शतकातल्या ऑपेराच्या वेशभूषेतून आली, खऱ्या सापडलेल्या टोपाला शिंगं नाहीत. अशा दोन-तीन गोष्टी एकाच पुस्तकात दिसल्या तर बाकीचंही कुठूनतरी उचललेलं असणार असं धरा.

नंतर कुणाच्या बाजूने सांगितलंय ते बघा. वास्को द गामाचा धडा यासाठी चांगला. १४९८ ला तो कालिकतला आला, पण पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून पुढचा रस्ता दाखवायला त्याने तिथला वाटाड्या घेतला होता आणि अरबी समुद्रात मोसमी वाऱ्यांवर जहाजं हाकणारे व्यापारी त्याच्या दीड हजार वर्षं आधीपासून ये-जा करत होते. धड्यात हे लोक आहेत का, की रिकाम्या समुद्रात एकटंच जहाज आहे? अमेरिकेच्या धड्यात १४९२ च्या आधी तिथे राहणारे लोक आहेत का?

अनुक्रमणिका उघडून सरळ मोजा. बाहेरून आलेल्या बऱ्याच करिक्युलममध्ये युरोपला निम्म्याहून जास्त धडे असतात, आफ्रिका इजिप्तनंतर थेट गुलामांच्या व्यापारातच उगवते, मध्ये १३२४ साली हजला जाताना कैरोत सोनं वाटणारा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा नाही, ग्रेट झिंबाब्वे या दक्षिण आफ्रिका खंडातल्या जुन्या शहराच्या दगडी भिंती नाहीत. भारत तीनदा येतो, सिंधू, बुद्ध, गांधी. तरीही पुस्तक लिहिलंय छान, तर घेऊ शकता, पण कुठे काय भर घालायची ते त्याच दिवशी यादी करून ठेवा. उलट बाजूही तितकीच बघा. ज्या पुस्तकात आपल्या बाजूचा माणूस कधीच चुकत नाही आणि समोरचा प्रत्येक माणूस दुष्टच असतो, त्यातून मूल इतिहास शिकत नाही, राग शिकतं. शूरांच्या गोष्टी सांगायच्याच, भरपूर सांगायच्या, पण किल्ला बांधणारे, पाणी आणणारे, हिशोब लिहिणारे, हरलेले पण दिसू देत.

धर्माचा रंग किती आहे हेही पहिल्याच धड्यात कळतं. काही ख्रिस्ती करिक्युलम जगाचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास धरून सुरू होतात आणि बायबलमधल्या जलप्रलयाला टाइमलाइनवर तारीख देतात. असंच पुराणकथांना तारखा चिकटवून इतिहास म्हणून देणारं साहित्य इतरत्रही असतं. पुराणकथा, महाकाव्यं, ग्रीक देवांच्या कथा मुलांना जरूर वाचून दाखवा, त्याशिवाय त्या काळातल्या माणसांचं मन कळणार नाही, फक्त ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे आणि हे जमिनीतून सापडलंय हा फरक शब्दांत आला पाहिजे. सात वर्षांच्या मुलाला तो फरक नीट समजतो.

आणि एक सूचना, मोफत मिळतात म्हणून होमस्कूलिंगच्या याद्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी इतिहासपुस्तकं पुष्कळ असतात, कारण त्यांचे हक्क संपलेत. गोष्ट सांगायची हातोटी त्यात खरोखर चांगली असते, पण साम्राज्याच्या काळातली नजर पण असते, आपल्यासारख्यांना "रानटी" म्हणणारी. मुलाच्या हातात एकटं देऊ नका, स्वतः वाचून निवडक धडे घ्या.

पायरी ७: "कसं कळलं?" आहे का

फार थोड्या करिक्युलममध्ये हे असतं आणि असलं तर मी बाकी बऱ्याच उणिवा माफ करते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात एक माणूस सापडला, ओत्झी, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटातल्या अन्नावरून शेवटचं काय खाल्लं ते कळलं, खांद्यात रुतलेल्या बाणाच्या टोकावरून कसा मेला ते कळलं. सिंधू संस्कृतीचं उलटं, विटांचं माप कळतं (जाडी, रुंदी, लांबी १:२:४ या प्रमाणात), वजनं, मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्यात, पण लिपी आजही वाचता आलेली नाही. मुलाला हे सांगा की मोठ्या माणसांनाही अजून माहीत नाही. ब्राह्मी लिपी पण अशीच विसरली गेली होती, १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने ती वाचली आणि शिलालेखांतून सम्राट अशोक पुन्हा बोलायला लागला. "अजून कुणाला कळलेलं नाही" हे वाक्य ज्या पुस्तकात बिनधास्त लिहिलेलं असतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

पायरी ८: कठीण गोष्टी

युद्ध, गुलामगिरी, नरसंहार. पुस्तकात हे कुठे आणि कसं येतं ते आधी स्वतः वाचा, चित्रंसुद्धा. सहा-सात वर्षांना अन्याय झाला आणि लोक त्याविरुद्ध उभे राहिले एवढं पुरे, तपशील नंतर. पण खोटं गोड करून सांगणारं पुस्तकही नको, नंतर खरं कळल्यावर मुलाचा आपल्यावरचा विश्वास हलतो. घरात कुणाचा नुकताच मृत्यू झाला असेल तर इजिप्तमधल्या ममींचे (जपून ठेवलेल्या मृतदेहांचे) धडे थोडे पुढे ढकला, एवढं साधं.

पायरी ९: भाषा

हे मराठी घरांत फार होतं: करिक्युलम इंग्रजी, मूल मराठीत विचार करणारं. इंग्रजी धडा वाचत वाचत तिथल्या तिथे मराठीत सांगता येत असेल तर बिनदिक्कत सांगा, लहान मुलांना हेच जास्त पोचतं, कारण तुम्ही वाचत नसता, बोलत असता. नावं मात्र तीच ठेवा. नॅरेशन मुलाला हव्या त्या भाषेत करू दे, मिश्र पण चालतं. आणि निवडताना मुलाच्या वाचनपातळीपेक्षा दोन पावलं पुढचं पुस्तक घ्यायला घाबरू नका, कारण ते तुम्ही वाचून दाखवणार आहात, कानाला डोळ्यापेक्षा जास्त कळतं.

पायरी १०: आठवड्याला किती

सात-आठ वर्षांना आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एका वेळी १५-२० मिनिटं वाचन, मग सांगणं, मग हवं तर चित्र. त्याहून जास्त मागणारा करिक्युलम असेल तर तो शाळेच्या वर्गासाठी लिहिलेला आहे, घरासाठी नाही. अॅक्टिव्हिटी बघताना सामानाची यादी आधी वाचा, प्रत्येक धड्याला डिंक, रंग, खोके लागत असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून ते होणार नाही. महिन्याला एक धडपणे झालेली अॅक्टिव्हिटी (मातीच्या पाटीवर काडीने कीलाकार (मेसोपोटेमियातल्या लिपीसारख्या, खिळ्याच्या आकाराच्या) खुणा काढणं मुलांना फार आवडतं) पुष्कळ झाली. सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं असतील तर दोन करिक्युलम घेऊ नका, एकच वाचा, धाकट्याने चित्र काढायचं, मोठ्याने तीन ओळी लिहायच्या.

पायरी ११: टाइमलाइन, घरीच

कुठलाही करिक्युलम घ्या, टाइमलाइन विकत घेऊ नका, स्वतः करा. कागदाच्या पट्ट्या जोडून ५ मीटर लांब पट्टी करा, १ सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं, झाली ५००० वर्षं. एका टोकाला आज. आता मुलाला स्वतःचं आयुष्य दाखवायला सांगा, ७ वर्षांचं मूल म्हणजे ७ मिलिमीटर. सत्तर वर्षांची आजी ७ सेंटीमीटर. १६७४ चा राज्याभिषेक आजपासून ३५ सेंटीमीटरवर. क्लिओपात्रा (मृत्यू ख्रिस्तपूर्व ३०) साधारण २ मीटरवर, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड तिच्याही मागे आणखी अडीच मीटर, म्हणजे तिला पिरॅमिडच्या काळापेक्षा आपला काळ जवळचा. हे पट्टीवर चालत जाऊन बघितलं की कुठल्याही पानापेक्षा पक्कं बसतं. ख्रिस्तपूर्व आकडे उलटे जातात, ते एकदा बोट ठेवून दाखवा, आणि मध्ये शून्य साल नाही, १ ख्रिस्तपूर्वनंतर लगेच इसवी सन १ येतं, हे मोठ्या मुलाला सांगा. भिंत नसेल तर पट्टी घडी घालून ठेवता येते. शेजारी जगाचा नकाशा हवाच, त्याशिवाय इतिहास म्हणजे नुसती नावं.

पायरी १२: सहा आठवडे चालवून बघा

सगळा सेट एकदम घेऊ नका, पहिला भाग घ्या, जमलं तर जुना वापरलेला घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. सहा आठवड्यांनी बघा, मूल न विचारता कधी त्यातलं काही बोलतं का, खेळात येतं का, "पुढचं कधी वाचायचं" म्हणतं का. तीनही नाही, आणि तुम्हालाही ओढल्यासारखं होतंय, तर बदला. पण दर महिन्याला बदलू नका, मुलांना नवीन पुस्तकाच्या आवाजाची सवय व्हायला तीन-चार धडे लागतातच, आणि पहिल्याच आठवड्यात "बोअर आहे" आलं तर बऱ्याचदा वाचायची वेळ चुकलेली असते, दुपारी पेंगत असताना वाचत असाल तर सकाळी करून बघा.

बदलायचं ठरलं तर झालेलं वाया गेलं असं समजू नका. टाइमलाइन आणि नकाशा तोच राहतो, नव्या पुस्तकात तीच माणसं पुन्हा भेटली तर मूल "याला मी ओळखतो" म्हणतं. नवीन पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू करायचं असंही नाही, जुनं जिथे थांबलं त्याच्या जवळच्या धड्यापासून घ्या, आणि ज्यांना फाइल दाखवावी लागते त्यांनी मुलाने सांगितलेलं तसंच्या तसं लिहून, तारीख घालून, चित्रासकट ठेवत जा, तपासणाऱ्याला भरलेल्या वर्कबुकपेक्षा त्यातून जास्त कळतं.